मूठ आणि वही

आमच्या घरी प्रार्थनेला थोडा वेळ लागायचा आणि हिशेबाला जास्त. रात्रीची जेवणं उरकली, की आजी कंदील जवळ ओढायची, आमच्यापैकी कुणाकडून तरी पवित्र शास्त्रातला उतारा वाचून घ्यायची, डोळे मिटून चार वाक्यांत अख्खा दिवस देवाच्या हवाली करायची आणि 'आमेन' म्हणताच चष्मा पुसून वही उघडायची. लाल पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी वही. दूध, रॉकेल, मीठ, शाळेची फी, सगळं त्यात यायचं. पण प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ ठरलेली असे, 'देवाचे'. त्यापुढे आकडा. तो आकडा लिहिल्याशिवाय खालच्या ओळी भरायच्या नाहीत, असा तिचा दंडक होता. आम्हा पोरांना वाटायचं, प्रार्थना संपली, आता कंटाळवाणं काम सुरू झालं. आजीच्या लेखी ती संपलेली नसायची. तसं ती बोलून दाखवत नसे. वही मिटायच्या आत कुणी उठलं, की नुसती बघायची.

वाईत ख्रिस्ती घरं तेव्हाही मोजकी होती. गाव घाटांचं आणि देवळांचं. 1762 साली रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, कृष्णेचे उत्सव, मधल्या आळीतून सकाळी ऐकू येणारे वेदपाठ. अशा गावात आमचं घराणं कसं आलं, हे मी ऐकलं ते तिघांकडून: पणजी, म्हणजे आमची मोठी आई, तिची मुलगी, म्हणजे माझी आजी, आणि आजीचा धाकटा भाऊ, मामाआजोबा. तिघांच्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे मी मोठ्या आईचं खरं धरते, कारण ती सगळ्यात कमी बोलायची.

मोठी आई माण-खटावकडची. 1899-1900 चा दुष्काळ पडला तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. त्याच्या तीनच वर्षं आधी, 1896-97 मध्ये, एक दुष्काळ होऊन गेला होता आणि पाठोपाठ प्लेगही आला होता, त्यामुळे घरात विकण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. बाप तिला घेऊन चालत निघाला. कुठून कुठे, किती दिवस, हे तिला सांगता येत नसे. आठवायची ती एवढीच गोष्ट, की मिशनच्या आवारात एका बाईंनी तिच्या हातावर भाकरीचा चतकोर ठेवला आणि ती तो खात असताना बाप परत फिरला. पुन्हा आला नाही. "बानं टाकलं न्हाई, देवानंबी टाकलं न्हाई," ती म्हणायची, "पावसानं टाकलं." यापुढे त्या दिवसाबद्दल तिने कधी काही सांगितलं नाही.

ते मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. 1813 मध्ये मुंबईत सुरू झालं, 1831 मध्ये नगरला गेलं आणि तिथून हळूहळू घाटमाथ्यावरच्या गावांत पसरत साताऱ्याकडे आलं. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांची संख्या महाराष्ट्रभर मोठी होती. केडगावला पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या आणि त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. 'पोटासाठी बाटले' हा टोमणाही तेव्हापासूनचा. तो आमच्या घरी कुणी नाकारत नसे. मोठी आई तर सरळ म्हणायची, पोटासाठीच गेलो, पुढचं पुढं. मला हे उत्तर आवडतं. अनेक ख्रिस्ती घराण्यांत पूर्वजाला साक्षात्कार झाल्याची गोष्ट सांगतात. आमच्याकडे चतकोर भाकरीची सांगतात.

तर मूठ. ही रीत तिने मिशनच्या बोर्डिंगातच उचलली असावी. चुलीजवळ एक छोटं मडकं असायचं. स्वयंपाकासाठी धान्य काढायला बसलं, की आधी एक मूठ त्या मडक्यात. शनिवारी मडकं रिकामं करून धान्य देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, न्यायचं. त्यातून पाळकांच्या घरचं चालायचं, गावातल्या एखाद्या विधवेकडे पायली जायची, कधी आल्यागेल्याचं जेवण व्हायचं. यात मोठ्या आईचा एक बारीक कायदा होता: मूठ मापाआधी. आधी घरच्यांचं माप मोजून मग उरल्यातून मूठ काढली, तर ती देवाची नाही, ती उष्टी. आजीच्या लहानपणी ज्वारी महागली तेव्हा घरात यावरून वाद झाला होता. घरात खाणारी तोंडं सात, मडक्यात आधी कसली मूठ टाकता, असं आजीच्या वडिलांचं म्हणणं. मोठ्या आईने मूठ सोडली नाही, पण तिने हात आवळला. आजी हे करून दाखवायची: बोटं अशी मिटायची, की मुठीत दहा-बारा दाणेच राहावेत. "मूठ बारकी चालंल. चुकली न्हाई पायजे."

पुढे वाचायला लागल्यावर मला कळलं, की हा प्रकार आमचा एकट्याचा नाही. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका 1910 पासून अशीच स्वयंपाकाच्या तांदळातली मूठ बाजूला ठेवतात. 'बुहफाय थाम' म्हणतात तिला, आणि तिथल्या चर्चचा मोठा भार त्या तांदळावर चालतो. आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालू केलं. त्या काळी सातारा-सांगलीकडच्या वसतिगृहांतल्या पोरांच्या पोटाला घालायला मुष्टिफंड होता: घरोघरच्या बायका दळणातून मूठ काढून ठेवत आणि ती गोळा होत असे. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. भाऊराव जैन घराण्यातले, आमचं घर ख्रिस्ती, मूठ तीच. मामाआजोबा सांगत, की आमच्या मडक्यातली जोंधळ्याची मूठ अधूनमधून तिकडेही गेली आहे आणि पाळकांनी त्याला हरकत घेतली नाही. आजी म्हणायची, हरकत घेतली होती, पण मोठ्या आईला विचारायची छाती झाली नाही.

दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्यावर, मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. अलीकडे त्यांत एक नवा सूर आला आहे: द्या म्हणजे दसपट मिळेल, आधी पेरा मग कापा. मोठ्या आईने हे ऐकलं असतं तर तिने काय म्हटलं असतं, याचा अंदाज बांधायचं कारण नाही. तिच्या हयातीतच बाहेरगावचा एक उपदेशक असं काहीतरी बोलून गेला होता. ती घरी येताना म्हणाली, "द्येव काय सावकार हाय, व्याज द्याला?"

1917 मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळक साताऱ्यात आले, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण त्यांच्यामुळे झालं.

टिळक कोण होते हे सांगायची फारशी गरज नाही. कोकणातल्या करजगावात 1861 मध्ये जन्म, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरच्या मिशनमध्ये नोकरी, 'ज्ञानोदया'चं लेखन-संपादन, आणि मराठी चर्चमध्ये आजही रविवारी गायली जाणारी कितीतरी पदं. पण त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांबद्दल कमी बोललं जातं. मिशनची पगारी नोकरी त्यांनी सोडली. परदेशी पैशांवर चालणारं ख्रिस्तीपण या देशात उपरं राहणार, असं त्यांना वाटत होतं. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानायचं. अनेक मिशनऱ्यांना हे पटलं नाही. दरबार पुरता उभा राहायच्या आत 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक वारले.

माझे पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. वाईहून साताऱ्याला ते कामानिमित्त जात, आणि तिथे त्यांनी टिळकांना लांबून पाहिलं होतं. लांबूनच; भेट झाली, बोलणं झालं, असं त्यांनी कधी सांगितलं नाही, हे त्यांच्या खरेपणाचं लक्षण. पण परत आले ते राजीनामा द्यायचं ठरवूनच. मिशनचा पगार नको, मुलांना फुकट शिकवीन, देव देईल ते खाऊ. घरात तेव्हा तीन लेकरं होती आणि आजी तर अंगावर पिणारी. मोठ्या आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीठ कोण आनंल?" पणजोबा म्हणाले, देव. ती म्हणाली, "द्येव आनंल, पर बाजारात कुनाला धाडंल?"

राजीनामा दिला गेला नाही. पणजोबांना ही गोष्ट आयुष्यभर सलत राहिली, असं मामाआजोबा म्हणत. म्हातारपणी टिळकांचं पद म्हणताना त्यांचा आवाज एका ठरावीक जागी बसायचा. मोठ्या आईला मात्र काहीच सललं नाही.

लहानपणी मला पणजोबांची दया यायची. मोठेपणी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि माझा पक्ष बदलला. टिळक दोन्ही हातांनी देणारे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, आणि दारी आलेल्याला ते नाही म्हणत नसत. हे मोठेपणच आहे. पण त्या दिलेल्या प्रत्येक रुपयामागे लक्ष्मीबाईंची एक रिकामी बरणी उभी होती. संसार त्यांनी हसत सांगितला म्हणून आपल्याला तो हलका वाटतो. नवरा गेल्यावर त्याचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं; धड शाळा न पाहिलेल्या बाईने. दान करणाऱ्याचं नाव होतं, आणि दान शक्य व्हावं म्हणून मीठ-मिरची पुरवून वापरणारीचं होत नाही. विश्वासू कारभाऱ्याचा दाखला येशूने दिला त्यात धनी आहे, चाकर आहेत, पैशांच्या थैल्या आहेत. चूल मात्र नाही. आमच्या देवळात त्या दाखल्यावर बोलायला एकदा तरी एखाद्या सासूला उभं करायला हवं होतं.

कारभाऱ्याचं उदाहरण वाईत द्यायचं तर लांब जावं लागत नाही. गावापासून तासाभराच्या पायी वाटेवर मेणवली आहे, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट. आजीच्या लहानपणी एक जुने पाळक होते. त्यांनी त्या दाखल्यावर बोलताना नानांनाच उभं केलं होतं म्हणे: दौलत पेशव्यांची, शिक्का पेशव्यांचा, आणि कागद न् कागद जपणारा कारभारी. राज्य बुडालं, पण मेणवलीचं दप्तर राहिलं. मंडळीतल्या एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, "अहो पण त्यांचा स्वतःचा वाडा एवढा मोठा कशानं झाला?" भक्ती चालू असताना सहसा कुणी प्रश्न विचारत नाही. पाळकांनी उत्तर पुढच्या रविवारी द्यायचं कबूल केलं. ते दिलं की नाही, यावर आजी आणि मामाआजोबांचं एकमत नव्हतं.

त्याच मेणवलीच्या घाटावर ती घंटा आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे, आणि एक मेणवलीला. तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. आम्हा मुलांना आजी घाटावर घेऊन जायची तेव्हा ती चित्राकडे बोट दाखवायची आणि मग भाकरी सोडायची. मामाआजोबा तरुणपणी जरा तापट होते; त्यांचं म्हणणं, ही घंटा आपली आहे, ती मागायला हवी. आजीने विचारलं, मागून कुठे टांगशील? आपल्या देवळाचं छप्पर तिचा भार पेलेल का? ते गप्प बसले. मग म्हणाली, "दोनशे वर्षं लोकांनी सांभाळली ना रे? मरियेचं तोंडसुद्धा कुणी घासून काढलं नाही." मला हे तेव्हा फार पटलं नव्हतं, जिंकून आणलेली वस्तू ती जिंकून आणलेलीच. पण घंटा टिकली ती आमच्यामुळे नाही, हेही खरं.

आजी नर्स झाली ती मिरजेला. डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये अमेरिकेतून आले, सांगलीत थोडं काम करून मिरजेला गेले आणि 1894 मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल उभं राहिलं. मोतीबिंदू, मुतखडा, पोटातल्या गाठी, कर्नाटकापासून कोकणापर्यंतची माणसं बैलगाड्यांनी मिरजेला येत. आजी तिथे पोचली तेव्हा सर ही पदवी मिळालेले वानलेस निवृत्त होऊन गेले होते, पण त्यांच्या रीती चालू होत्या. त्यातली एक सगळ्यांना माहीत असलेली: सुरी हातात घेण्याआधी प्रार्थना. आजी सांगायची, की बाहेरचे लोक या प्रार्थनेचं फार कौतुक करत, पण शिकाऊ मुलींना खरा धाक असायचा तो नंतरच्या मोजणीचा. टेबलावर आलेल्या कापसाच्या, गॉजच्या घड्या किती, परत आल्या किती. आकडा जुळेपर्यंत टाके घालायचे नाहीत. "एक बोळा पोटात राहिला तर तुझी प्रार्थना काय कामाची?" हे तिच्या मोठ्या सिस्टरचं वाक्य, आणि आजीचं सगळं धर्मशास्त्र बहुधा त्यातूनच आलं.

मग ती वाईच्या मिशन हॉस्पिटलात आली. डॉ. लेस्टर बील्स आणि त्यांच्या पत्नी डॉ. रोझ बील्स यांचं ते वाई. रोझबाई नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या फेअरबँक घराण्यातल्या. त्यांची मराठी गावातल्या बायकांसारखी होती, असं आजी सांगे. जावळीतून, मेढ्याच्या डोंगरातून बायका बाळंतपणासाठी झोळीतून येत. पैसे नसले की कुणी कोंबडी आणे, कुणी तूप, कुणी नाचणी. ते सगळं लिहून घ्यायचं काम आजीकडे. युद्धाच्या वर्षांत कापड मिळेना; पट्ट्या धुवून, उकळून, वाळवून, गुंडाळून पुन्हा वापरायच्या.

आणि इथे येते चादरीची गोष्ट, जी आमच्या घरात दोन प्रकारे सांगतात. आजीचं म्हणणं: तिला मुलगा झाला, म्हणजे माझा मामा, तेव्हा हॉस्पिटलातली एक फाटकी चादर दुपट्यांसाठी तिला दिली गेली. मामाआजोबांचं म्हणणं: कुणी दिली नाही, तिने नेली. टाकाऊच होती, कुणी बघितलंही नसतं. पण वही खोटं बोलत नाही. आजी गेल्यावर त्या वह्या आम्ही काढल्या. त्या सालच्या वहीत ओळ आहे: 'जुनी चादर, बाकी'. पुढच्या दोन महिन्यांत दोन आकडे, आणि मग शेरा, 'फिटली'. दोन्ही आकडे 'देवाचे' या ओळीखाली नाहीत, घरखर्चात आहेत. म्हणजे देवाच्या पैशांतून देणं भागवायचा मोहही तिने टाळला होता. दिलेली असती तर बाकी कसली? मामाआजोबा जिंकले म्हणायचे. पण ती पानं बघून त्यांनीच डोळ्याला रुमाल लावला.

वाईत त्या काळी देवाशी बोलायच्या तऱ्हा पुष्कळ होत्या आणि माणसं एकमेकांकडे डोकावून बघत. 1916 च्या सुमाराची प्राज्ञपाठशाळा होती. तिथे शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे जुन्या धर्मशास्त्राला प्रश्न विचारू लागले आणि शेवटी त्याच गावात मराठी विश्वकोश घेऊन बसले. त्यात ख्रिस्ती धर्मावरचीही सविस्तर नोंद आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे उत्तरायुष्यात वाईच्या ब्राह्मसमाजासाठी येत. हे शिंदे 1901 ते 1903 ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन ख्रिस्ती मंडळींबरोबर धर्माचा अभ्यास करून आलेले. उपासना देवळापुरती राहता कामा नये, ती घरात, बायकामुलांसकट व्हायला हवी, असा त्यांचा आग्रह. मामाआजोबा तेव्हा पोरसवदा. ते एका उपासनेला मागे जाऊन उभे राहिले. घरी येऊन म्हणाले, आपल्यासारखंच करतात, पण वही नाही.

सुगीचा सण मात्र आमच्यासारखा कुणाचाच नव्हता. पीक घरात आलं, की एका रविवारी मंडळी आपापलं उत्पन्न घेऊन देवळात येत. वाईची हळद, भुईमुगाच्या शेंगा, घेवडा, उसाच्या मोळ्या, कोंबड्या, अंडी, घरच्या गुळाची ढेप. ज्याला शेत नाही तो विणलेली टोपली आणायचा, किंवा शिवलेलं परकर-पोलकं. वेदीपुढे सगळं रचायचं, उपकारस्तुती करायची, आणि भक्ती संपली की बाहेर झाडाखाली लिलाव. त्या लिलावाची मजा बाजारात नाही. वस्तूची किंमत तिथे वस्तूवरून ठरत नाही. पाळकबाईंनी केलेलं लोणचं चढ्या भावाने जायचंच. एखाद्या गरीब घरची दोन अंडी आली, की कुणीतरी मुद्दाम बोली चढवायचा, म्हणजे त्या घराची मान वर राहील. एक कोंबडा तर, आजी सांगायची, एका दुपारी चार वेळा विकला गेला: ज्याने घेतला त्याने पुन्हा देवाला दिला, पुन्हा बोली, पुन्हा दान. शेवटी तो सुटून पळाला आणि हिशेबनिसांना कळेना, की कोंबडा कुणाच्या नावे लिहावा. हा लिलाव आजही होतो. आता त्यात स्ट्रॉबेरीची खोकी असतात, केक असतात, आणि मुंबई-पुण्याला गेलेली पोरं मोबाइलवरून बोली लावतात. धोम धरणाचं पाणी आल्यापासून उसाची मोळी कुणी कौतुकाने बघत नाही.

एक गोष्ट मला लिहायला आवडत नाही, पण तिच्याशिवाय हे अपुरं राहील. मिशनरी गेले. 1970 मध्ये नागपुरात अनेक मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मिशनची आवारं, बंगले, शाळा, विहिरी, आंब्याची झाडं आपल्या लोकांच्या हाती आली. ज्यासाठी टिळक झुरले ते निदान कागदावर झालं. आणि मग महाराष्ट्रात गावोगावी या जमिनींचे वाद कोर्टात उभे राहिले. कुठे विश्वस्तांनीच विकल्या, कुठे भाडेकरू मालक झाले, कुठे दोन गटांनी एकाच देवळाला दोन कुलपं लावली. मी गावांची नावं घेत नाही. मंडळीतल्या माणसांना ती पाठ आहेत. टोमणा मारणाऱ्यांनी म्हटलं होतं, पोटासाठी आले. त्यांना उत्तर देता येतं. पण ज्यांच्या आज्यांनी फाटक्या चादरीचे पैसे फेडले, त्यांच्या नातवंडांनी बांध रातोरात सरकवावा, याला उत्तर मला सुचत नाही. परक्याचं सांभाळताना आपण काटेकोर होतो. आपलं झाल्यावर हात सैल झाला.

माझी मावशी हल्ली मंडळीच्या पंचांत आहे. वय झालंय, गुडघे धरतात, पण वार्षिक सभा चुकवत नाही. गेल्या सभेला मीही गेले होते. खजिनदार तरुण, हुशार, लॅपटॉपवर सगळं तयार करून आलेला. त्याने पडद्यावर एक पान दाखवलं, जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, मंजुरी असावी. दोघातिघांनी हातही वर केले. बाहेर जेवणाची भांडी लागली होती. मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "बाळा, हे झालं शेवटचं पान. पहिल्यापासून वाच."

"मावशी, तपशील छापून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी..."

"आम्हाला ऐकायचाय."

त्याने पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी मान खाली घातली, ती प्रार्थनेसाठी होती की हसू लपवायला, मला सांगता येणार नाही. मग तो वाचू लागला. एप्रिल, लाइटबिल. एप्रिल, फुलं. मे, बालभक्तीचा खाऊ. पावसाळ्यापर्यंत लोकांची चुळबुळ चालली होती, सुगीच्या लिलावापाशी सगळे सावरून बसले, कारण तिथे प्रत्येकाची बोली होती. नाताळच्या जनरेटरच्या डिझेलपाशी पोचेपर्यंत दीड वाजून गेला. तो आवंढा गिळून पान उलटणार, इतक्यात मावशीने हात वर केला.

"नाताळच्या जेवणातले तांदूळ उरले होते. मी स्वतः पोतं बांधलंय. ते कुठं लिहिलेत?"